एकतीस गुणांची वाढ

आत्मविश्वास ही माणसाची अशी मालमत्ता आहे की जवळ असेपर्यंत तिची नोंद कुठल्याही दप्तरात होत नाही. ती हरवली की मग फॉर्म लागतो, दोन फोटो लागतात आणि साक्षीदाराची सही लागते. हे मी अधिकाराने सांगतो. घरं, जमिनी, लग्नं आणि मृत्युपत्रं नोंदवण्यात मी नोटरीच्या कचेरीत सव्वीस वर्षं काढली आणि निवृत्त झाल्यावर मेव्हणीच्या आग्रहावरून माणसांच्या पोटाकडे वळलो.

माझी मेव्हणी एदेल्मिरा ही काली नावाच्या आमच्या शहरातल्या 'नवी पहाट' या शल्योत्तर विश्रामगृहाची संस्थापक, संचालक आणि स्वयंपाकीण. आमच्या शहरात शरीर सुधारून घ्यायला लोक सातासमुद्रापलीकडून येतात, आणि गावातले लोकही मागे राहत नाहीत. पूर्वी लग्नाला जायचं तर बाई झगा उसवून ढिला करून घ्यायची. आता झगा आहे तसा ठेवतात. ऑपरेशनला साडेतीन तास लागतात, पण नंतर पंधरा दिवस बाईला ताठ उभं राहता येत नाही, पोटातून दोन नळ्या बाहेर आलेल्या असतात, अंगाला करकचून पट्टा बांधलेला असतो, आणि घरी गेलं तर पोरं विचारतात, "आई, जेवायला काय?" म्हणून ती पंधरा दिवस आमच्याकडे राहते. आमच्या एका गल्लीत अशी तीन गृहं आहेत : 'नवी पहाट', 'नवी उमेद' आणि 'नवी तू'. (तिसरं नुकतंच निघालं. त्यांच्याकडे कारंजं आहे.)

आमच्याकडे कामाची वाटणी स्वच्छ आहे. पोट डॉक्टरकडे, सूज दामारिस नावाच्या नर्सकडे आणि आत्मविश्वास माझ्याकडे.

आत्मविश्वास मोजण्यासाठी, आमच्याकडे रुग्ण पाठवणाऱ्या क्लिनिकने एक फॉर्म तयार केला आहे. वीस प्रश्न, प्रत्येकी पाच गुण. बाई दाखल झाली की एकदा भरायचा, चौदाव्या दिवशी पुन्हा भरायचा. दोहोंतला फरक म्हणजे 'पुनर्प्राप्त आत्मविश्वास'. प्रत्येक रुग्णामागे किमान तीस गुणांची वाढ दाखवलीच पाहिजे, नाहीतर क्लिनिक आपले रुग्ण कारंजेवाल्यांकडे पाठवणार असा नियम. आमची सरासरी चव्वेचाळीस होती. (एका बाईंची वाढ ऐंशी गुणांची होती. त्यांनी पहिला फॉर्म रडत भरला होता आणि दुसरा गुंगीत.)

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना नोएमी काइसेदो दाखल झाली.

नोएमीला आमच्या भागात ओळखत नाही असा माणूस नाही, आणि असलाच तर तो बहिरा असेल. एकावन्न वर्षांची, समुद्रकाठच्या गावातून तरुणपणी शहरात आलेली, चार मुलांची आई. डोक्यावर ॲल्युमिनियमची परात, परातीत उकडलेले केशरी चोंतादुरो (ताडाच्या जातीची पिठूळ फळं), कमरेला मिठाची पुडी आणि मधाची बाटली. तिची हाक तीन गल्ल्या ओलांडून यायची : "आलाऽ ग बाई आला, गरम चोंतादुरो आला! म्हाताऱ्याला तरुण करतो, तरुणाला घरी पळवतो!" ही हाक आली की आमच्या नोटरीच्या कचेरीत काम थांबायचं आणि नोटरीसाहेब, जे एरवी विनोदाला बंदी असल्यासारखे वागायचे, ते खिशातली नाणी चाचपायला लागायचे.

ती आत आली, दाराशी चप्पल झटकली आणि म्हणाली, "कुठं बसू साहेब? इथं? बरी आहे की खुर्ची." आणि बसली. मी वहीत नोंद केली : 'रुग्ण हसतमुख. संपूर्ण खुर्ची व्यापून बसली आहे.'

"ऑपरेशन कशासाठी करून घेताय?" मी नियमाप्रमाणे विचारलं.

"बक्षीस लागलं म्हणून."

"ते ठीक. पण शरीराबद्दल तुमची तक्रार काय?"

"माझी? काहीच नाही. त्याची माझ्याबद्दल असेल तर त्याला विचारा. एकावन्न वर्षं नुसतं उन्हात फिरवलंय मी त्याला."

बक्षिसाची हकिगत अशी. स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या नव्या नळीसाठी सोडत निघाली होती. पहिलं बक्षीस पोटाचं ऑपरेशन, दुसरं दोन दारांचा फ्रिज, तिसरं आख्खं भाजलेलं डुक्कर. नोएमीने तिकीट घेतलं ते फ्रिजच्या आशेने. पहिलं बक्षीस लागल्याचं कळलं तेव्हा तिने म्हणे आधी फ्रिज कुणाला लागला ते विचारलं. फ्रिज लागला होता तेओफिलो नावाच्या अविवाहित सुताराला. नोएमीने त्याला अदलाबदल करण्याची विनंती केली. त्याने दोन दिवस विचार केला आणि मग नकार दिला. (तेव्हापासून तो आरशासमोर जास्त वेळ काढतो, असं त्याची आई सांगते.) बक्षीस बदलून मिळणार नाही असं तिकिटावर छापलं होतं. फुकट मिळालेली वस्तू परत करायची तिला लहानपणापासून सवय नव्हती, त्यामुळे ती आली.

मी फॉर्म पुढे ठेवला. तिला चष्मा नव्हता म्हणून प्रश्न मीच वाचले.

"आरशासमोरून जाताना तुम्ही काय करता? थांबता, वेग वाढवता, की आरसा काढून टाकला आहे?"

"थांबते. बोलते पण कधीकधी."

"अनोळखी पुरुष पाहत असल्यास?"

"मग गिऱ्हाईक कसं मिळणार? न पाहता?"

"लोकांसमोर जेवताना तुम्हाला लाज वाटते का?"

तिने फॉर्मकडे बोट दाखवलं. मग माझ्याकडे सहानुभूतीने बघत म्हणाली, "साहेब, इथं छापणाऱ्याची चूक झालीय. 'भूक' असं असेल. जेवताना लाज कशी वाटेल?"

हा प्रश्न तिने कोरा सोडला. मी त्याला दोन गुण दिले, कारण कोऱ्या उत्तराला दोन गुण द्यावेत अशी तळटीप आहे. बाकी सगळे पूर्ण. बेरीज आली सत्त्याण्णव.

मी बेरीज तीन वेळा केली. मग पेन्सिल खाली ठेवली. शंभरातून सत्त्याण्णव गेले की उरतात तीन. नियम म्हणतो तीस.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. डॉक्टर खूश होते. असं मोकळेपणाने सहकार्य करणारं पोट त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. आम्हाला वाटलं, दुखायला लागलं की आकडा आपोआप उतरेल. तिसऱ्या दिवशी दामारिसने तिला धरून उठवलं. ऑपरेशननंतर कुणालाच सरळ चालता येत नाही, कमरेत काटकोन करून चालावं लागतं. नोएमी तशीच वाकून दिवाणखान्यात आली आणि आरामखुर्च्यांत ओळीने पडलेल्या सहा बायकांना म्हणाली, "बसा, बसा. उठू नका. सगळ्यांच्या पाया पडत चाललेय म्हणून काय आशीर्वाद दिलाच पाहिजे असं नाही." बायका हसल्या. हसल्यावर टाके दुखले. टाके दुखले म्हणून ओरडल्या, आणि ओरडता ओरडता पुन्हा हसल्या. अंतरिम मोजणीत नोएमीला शहाण्णव पडले. एक गुण गेला तो 'मनात येईल तेव्हा नाचू शकता का' या प्रश्नाला.

त्याच दुपारी एदेल्मिराने स्वयंपाकघरात बैठक घेतली.

"एलिएसेर, सत्त्याण्णव! ही बाई छताला टेकलीय. आता हिला वर कुठं न्यायची? गच्चीत?"

"जे हरवलंच नाही ते परत मिळवून देता येत नाही," मी म्हणालो.

"मग तुम्ही पहिला आकडा जरा..." तिने हाताने हवेत काहीतरी पुसलं.

"खोटा आकडा मी लिहिणार नाही," मी ठामपणे सांगितलं. "सव्वीस वर्षांत लिहिला नाही. मात्र खरा आकडाच खाली आला, तर लिहायला माझी हरकत नाही."

दामारिस भांडी विसळत होती. ती मान न वळवता म्हणाली, "काका, म्हणजे आधी तिचं पाडायचं आणि मग उचलायचं?"

"पाडायचं नाही," एदेल्मिरा म्हणाली. "असं काय बोलतेस तू? तिला जागेवर आणायचं. सगळ्या जिथून सुरुवात करतात तिथं."

नोएमीच्या हिताचा विचार करता यात वावगं काही नव्हतं. जिचा आत्मविश्वास हरवलेलाच नाही तिला तो परत मिळाल्याचा आनंद तरी कसा होणार? इतर सहा बायकांना तो मिळणार आणि हिला नाही, हा उघड पक्षपात झाला असता.

कामाला आम्ही मनापासून लागलो. प्रथम तिला मोठ्या आरशाच्या खोलीत नेलं. तिथे जी ट्यूबलाइट आहे ती जिवंत माणसालाही शवागारातला रंग देते. नोएमीने स्वतःकडे पाहिलं, केस नीट केले आणि दामारिसला म्हणाली, "ह्या ट्यूबला काहीतरी झालंय ग, बदलून टाक." मग एदेल्मिराने तिच्या मांडीवर क्लिनिकचा अल्बम ठेवला. त्यात पंचविशीतल्या, पुतळ्यासारख्या पोरींचे फोटो आहेत. नोएमीने प्रत्येक पान सावकाश पाहिलं. "बिचाऱ्या," ती म्हणाली. "एकीला पण कुणी हसवलेलं दिसत नाही." तिला वजनकाट्यावर उभं करून आकडा मोठ्याने वाचण्यात आला. तिने विचारलं, यात नळ्यांचं वजन धरलंय का, आणि धरलं नसेल तर ते मिळवून एकूण किती. सगळं तिला ऐकायचं होतं.

शेवटी लुसेलीची मदत घ्यावी लागली. लुसेली ही आमची जुनी रुग्ण. चौतीस वर्षांची, विम्याच्या कचेरीत कामाला, तिसऱ्यांदा आलेली. या वेळी कमरेसाठी आली होती आणि मार्चमध्ये पाठीसाठी येणार होती. दाखल होतानाचे तिचे गुण बावीस. इतके विश्वासार्ह बावीस गुण मी दुसऱ्या कुणाचे पाहिले नाहीत. नोएमीशेजारी बसून थोडं दुःख हलकं कर, एवढंच एदेल्मिराने तिला सांगितलं होतं.

लुसेलीने प्रामाणिकपणे सुरुवात केली. "नोएमीताई, मी तर समुद्रावर जातच नाही हो. कपडे काढले की सगळे बघतात असं वाटतं."

"बघतात?"

"वाटतं तसं."

"अग, मी समुद्रकाठचीच. तिथं लोक माशांकडे बघतात. तुला वाटतं तुझ्यासाठी ते जाळं सोडून येतील?" नोएमी हसली आणि तिच्या हातावर थापटी मारत म्हणाली, "ये माझ्याबरोबर डिसेंबरात. आपण दोघी पाण्यात बसू. कुणी बघितलंच तर त्याला चोंतादुरो विकू."

त्या दुपारी लुसेलीने सांकोचो सुपाच्या दोन वाट्या संपवल्या आणि तिसरी मागितली. पाचव्या दिवशीच तिचे गुण एकसष्ट झाले. दिवाणखान्यात साथ पसरावी तसं झालं. बायका पट्टे थोडे सैल करून मागायला लागल्या. एका बाईने डॉक्टरांना फोन करून विचारलं की माझं नेमकं काय वाईट होतं. सहाव्या दिवशी लुसेलीने पाठीचं ऑपरेशन रद्द केलं.

क्लिनिकमधून एदेल्मिराला फोन आला. आवाज सभ्य होता. आमच्या गृहात 'अकाली आणि अनियंत्रित आत्मविश्वास' पसरत असल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. पुढचे तीन रुग्ण त्यांनी तात्पुरते कारंजेवाल्यांकडे पाठवले होते. एदेल्मिरा फोन ठेवून खुर्चीत बसली आणि तिने तोंडाला एप्रन लावला. हे घर तिने नवरा गेल्यावर एका खाटेपासून उभं केलं होतं. चेष्टेचा विषय नव्हता तो.

आणि मग रविवार आला. रविवारी भेटायला येणाऱ्यांना मुभा असते.

नोएमीचा नवरा ओविदिओ हा चांभार. मितभाषी माणूस. लोकांच्या चेहऱ्याआधी बुटांकडे बघतो. इस्त्रीचा शर्ट घालून, कागदात गुंडाळलेले चीजचे गरम पाव घेऊन तो आला. नोएमी नवा, फुलाफुलांचा झगा घालून दाराशी उभी होती. पहिल्यांदाच बरीचशी सरळ. ओविदिओने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्याचे डोळे भरून आले.

"नोएमी," तो म्हणाला, "आता किती छान दिसतेस ग तू."

"आता?" नोएमी म्हणाली.

ओविदिओने पावांचा पुडा या हातातून त्या हातात घेतला.

"म्हणजे... आधी पण."

"आधी पण, तर मग 'आता' कशाला?"

"आता जास्त, असं म्हणायचं होतं मला."

"म्हणजे आधी कमी."

"नाही ग! कमी नाही. हे बघ, बूट चांगलाच असतो, पण पॉलिश केल्यावर..." इथे ओविदिओ थांबला. आपण कुठल्या गल्लीत शिरलोय हे त्याच्या लक्षात आलं, पण गल्ली अरुंद होती आणि वळायला जागा नव्हती.

तेवढ्यात थोरली मुलगी येसेनिया आली. तिने आईला मिठी मारली, मागे सरकून वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. "आई! शेवटी एकदाचं केलंस!"

"शेवटी एकदाचं?" नोएमी हळू म्हणाली. "कधीपासून वाट बघत होतीस तू?"

"अग, तसं नाही..."

"लग्नात? तुझ्या लग्नात मी तो हिरवा झगा घातला होता तेव्हा?"

येसेनियाने क्षणभर नजर चुकवली. क्षणभरच. पण नोएमीने आयुष्यभर गिऱ्हाइकांचे चेहरे वाचले होते.

नंतर नणंद आली, शेजारीण आली, अग्निशमन दलाचे दोघे गणवेशात आले. सगळे चांगली माणसं. सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं. 'ओळखूच आली नाहीस.' 'दहा वर्षांनी तरुण झालीस.' 'आता खरी शोभतेस.' 'बघ, म्हटलं नव्हतं मी?' प्रत्येक वाक्याला नोएमी मान डोलवत होती, आणि प्रत्येक वाक्यानंतर थोडी खुर्चीच्या कडेला सरकत होती. आम्ही आठवडाभर आरसे, काटे आणि अल्बम यांवर मेहनत घेतली, आणि काम झालं ते चीजचे पाव घेऊन आलेल्या प्रेमळ माणसांकडून. कौतुकाचं सामर्थ्य मी तोवर ओळखलं नव्हतं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर ती माझ्या टेबलापाशी आली.

"साहेब, वही उघडा. मी आले त्या दिवशी काय लिहिलंत?"

नोंद दाखवण्यास नियमाने हरकत नाही. मी वाचून दाखवली. 'रुग्ण हसतमुख. संपूर्ण खुर्ची व्यापून बसली आहे.'

"संपूर्ण?"

"हो."

"म्हणजे बाहेर येत होते का मी? बाजूंनी?"

"नाही, नाही. तसं लिहिलेलं नाही."

"पण तुम्हाला दिसलं," ती म्हणाली. "नाहीतर माणूस खुर्चीबद्दल कशाला लिहील?"

मी ते कौतुकाने लिहिलं होतं. आमच्याकडे बायका खुर्चीच्या टोकावर बसतात, जणू खुर्ची दुसऱ्याची आहे आणि तो आत्ता येणार आहे. ही बाई अशी बसली होती की खुर्चीलाच आपण कामाला आल्यासारखं वाटावं. हे मी तिला सांगायला हवं होतं. पण कौतुकाचा रकाना वहीत नाही, आणि दिवसभरात तिने ते इतकं ऐकलं होतं की आणखी एक वाढवायचं धाडस मला झालं नाही.

सोमवारी सकाळी फेरमोजणी केली. बेरीज एकेचाळीस आली. जेवतानाच्या लाजेच्या प्रश्नापाशी तिने या वेळी छापणाऱ्याची चूक काढली नाही. नुसतं म्हणाली, "हो, लिहा. थोडी."

एदेल्मिराने देवघरात मेणबत्ती लावली.

इथे एक तांत्रिक अडचण होती. वहीत पहिला आकडा सत्त्याण्णव होता आणि तो मी खोडणार नव्हतो. मात्र नियमावलीच्या नवव्या कलमात तरतूद आहे : पहिला फॉर्म रुग्णाने तापात, गुंगीत अथवा अवास्तव मनःस्थितीत भरला असल्यास तो बाद समजून फेरमोजणी मूळ धरावी. नोएमीला ताप नव्हता, गुंगी नव्हती. मी तिसऱ्या शब्दाखाली रेघ ओढली आणि सही केली. त्यात एकही अक्षर खोटं नाही.

पुढचं सगळं आमच्या रोजच्या सरावाचं होतं. दामारिसने रोज मालिश करताना किती सेंटिमीटर सूज उतरली ते सांगायचं. एदेल्मिराने लिपस्टिकचा रंग सुचवायचा. फोटो फक्त डाव्या बाजूने काढायचे. नोएमी शिस्तीने सगळं करत होती, आणि प्रत्येक गोष्टीनंतर विचारत होती, "बरं आहे ना?" लुसेली शेजारच्या खुर्चीतून हे बघत होती. बाराव्या दिवशी तिने डिसेंबरातल्या समुद्राचं विचारलं. नोएमी म्हणाली, "बघू ग. तिथं फार लोक असतात." तेराव्या दिवशी लुसेलीने मार्चची तारीख पुन्हा घेतली.

"काका," मालिशचं तेल पुसत दामारिस मला म्हणाली, "मला ती आधीची बरी वाटत होती."

"हे तिला सांगू नकोस," मी म्हणालो. "'आधीची' म्हटलं की ती विचारेल, म्हणजे आता कशी."

चौदाव्या दिवशी बहात्तर गुण. बहात्तरातून एकेचाळीस गेले, उरले एकतीस. नियम पूर्ण झाला, वर एक शिल्लक.

समारंभ रीतसर झाला. क्लिनिकचे प्रतिनिधी केक घेऊन आले. त्यांनी प्रमाणपत्र दिलं आणि नोएमीला दोन शब्द बोलायला सांगितलं. आम्ही सगळे थोडे मागे सरकून बसलो, कारण तिचा आवाज आम्हाला ठाऊक होता. ती उभी राहिली, झगा खाली ओढला, आणि इतक्या हळू बोलली की शेवटच्या रांगेने पुढे वाकून ऐकलं.

"सगळ्यांचे आभार," ती म्हणाली. "मला माहीतच नव्हतं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रतिनिधी इतके हेलावले की ते वाक्य क्लिनिकच्या दर्शनी भिंतीवर निळ्या अक्षरांत रंगवून घेण्यात आलं : 'मला माहीतच नव्हतं.' ते वाचून रस्त्यावरच्या बायका थांबतात आणि आत जाऊन विचारतात, काय माहीत नव्हतं. बाहेर येताना त्यांना माहीत झालेलं असतं.

तीन रुग्ण आमच्याकडे परत पाठवण्यात आले. यंदा एदेल्मिरा दोन खाटा वाढवते आहे, आणि कारंज्याचीही चौकशी चालू आहे.

नोएमी सहा आठवड्यांनी पुन्हा धंद्याला लागली. परात आता डोक्यावर घेत नाही. हात वर केला की दंड दिसतात, म्हणून हातगाडी केली आहे, आणि आमच्या उकाड्यात लांब बाह्या घालते. हाक ती स्वतः मारत नाही. धाकट्या मुलाच्या फोनमध्ये जुनी ध्वनिमुद्रित केलेली हाक होती, ती गाडीवरच्या छोट्या कर्ण्यातून वाजते : "आलाऽ ग बाई आला!" आवाज तोच, ठणठणीत, तीन गल्ल्या ओलांडणारा. गाडीमागून ती खाली बघत चालते. ओविदिओने कौतुक करणं पूर्ण बंद केलंय. तो आता जेवणालाही छान म्हणत नाही. न जाणो, 'कालचं?' असा प्रश्न यायचा.

परवा मी तिला गाठून दोन चोंतादुरो घेतले.

"कशा आहात नोएमीबाई?"

"कशी दिसतेय?" तिने विचारलं.

मी तब्येत विचारली होती. पण उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की एकही शब्द सुरक्षित नाही. छान म्हणावं तर आधीची वाईट ठरते, आधीसारखी म्हणावं तर ऑपरेशन वाया जातं, आणि खरं सांगावं तर त्यासाठी मला ती खुर्ची, ती सकाळ आणि माझी सही या सगळ्याबद्दल बोलावं लागलं असतं. म्हणून मी मीठ जरा जास्त घाला म्हणालो. तिने घातलं. वर मधही घातला, न मागता. मग कर्णा पुन्हा सुरू केला आणि ती पुढे गेली.

या प्रकरणातून आम्ही धडा घेतला आहे. वीस प्रश्नांचा फॉर्म फार लांब होता आणि त्यात नोएमीसारखी एखादी बाई निसटून जायला जागा राहत होती. नव्या फॉर्मवर एकच प्रश्न ठेवला आहे : 'तुमच्या शरीरातली कोणती गोष्ट बदलावी असं तुम्हाला वाटतं?' प्रायोगिक तत्त्वावर तो चारशे बारा निरोगी माणसांना देण्यात आला. उत्तराला लागलेला सरासरी वेळ चार सेकंद. 'काहीही नाही' असं लिहिणारे : शून्य. यांपैकी कुणीही आमच्याकडे दाखल व्हायला आलेलं नव्हतं. बहुतेक जण एखाद्या रुग्णाला भेटायला आले होते, आणि काही तर नोएमीची हकिगत ऐकून तिला हसत होते.

वाचकांनी आपलं उत्तर कळवण्याची तसदी घेऊ नये. एव्हाना चार सेकंद होऊन गेले आहेत. फॉर्मवर जागा एकाच गोष्टीची आहे. यादी लांबत चालली असेल, तर मागचं पान वापरा.